कुत्रा फिरवणे (सार्वजनिक बागा आणि वनक्षेत्रे)

पाळलेल्या कुत्र्याला व्यायाम मिळावा, शी-शू उरकावी आणि जग हुंगता यावे म्हणून त्याला रोज घराबाहेर नेण्याचा प्रघात. अंगणात हा मालकाचा आणि कुत्र्याचा आपसातला मामला असतो. बागेत तसे राहत नाही. तिथे काठी टेकत चालणारे आजोबा असतात, पहिली पावले टाकणारे मूल असते, गवतात हात घालून तण काढणारा माळी असतो, आणि यांपैकी कोणीही तो कुत्रा पाळलेला नसतो. फिरवणाऱ्याची जबाबदारी इथूनच सुरू होते.

बडोद्यात विश्वामित्री नदीच्या काठी महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या कारकिर्दीत १८७९मध्ये सयाजीबाग उभी राहिली. बडोदेकर तिला कमाटीबागच म्हणतात. सुमारे ११३ एकरांच्या या बागेत वस्तुसंग्रहालय आणि प्राणिसंग्रहालयही आहे. दांडिया बाजार, रावपुरा भागांतल्या मराठी घरांना ही बाग पिढ्यान्‌पिढ्या परसदारासारखी वाटत आली आहे. कुठल्याही बागेत कुत्र्याला नेण्याआधी फाटकावरची पाटी वाचावी आणि मनाई असेल तर वाद न घालता दुसरा रस्ता धरावा. प्राणिसंग्रहालयाच्या आसपास तर पाटी नसली तरी कुत्रा नेऊ नये. भुंकण्याने पिंजऱ्यातली हरणे बिथरतात. कुत्र्यांमधला डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग मांसाहारी वन्य प्राण्यांनाही होतो. २०१८ साली गीरमध्ये २०हून अधिक सिंह मेले, त्यांतल्या अनेकांत हाच विषाणू सापडला. पाळीव कुत्र्याला या रोगाची लस सहज देता येते.

पट्टा. ‘काही करत नाही हो, घाबरू नका’ हे वाक्य बागेत रोज सकाळी ऐकू येते. सुटा कुत्रा शेपूट हलवत धावत येतो, समोरच्या बाई पिशवी छातीशी धरून जागच्या जागी थिजतात, आणि मालक पन्नास पावलांवरून हसत हे वाक्य म्हणतो. त्याचे म्हणणे खरेही असेल, पण समोरच्या व्यक्तीला लहानपणी कुत्रा चावलेला असू शकतो, तिच्या गुडघ्याचे ऑपरेशन झालेले असू शकते. अंगावर उडी मारलेला प्रेमळ कुत्राही म्हाताऱ्या माणसाला पाडतो, आणि त्या वयात खुब्याचे हाड मोडले की माणूस अंथरुणाला खिळतो. म्हणून पट्टा दीड-दोन मीटरचा, हातात घट्ट धरलेला असावा. चाकातून लांब सुटत जाणारी दोरी गर्दीत टाळावी. ती पायांत अडकते, आणि ऐन वेळी कुत्रा आवरत नाही. समोरून कोणी आले की कुत्र्याला आपल्या पलीकडच्या बाजूला घ्यावे, वाट अरुंद असेल तर थांबून त्यांना आधी जाऊ द्यावे. मुलांना ‘हात लावू का?’ असे विचारायला शिकवावे, आणि मालकाने ‘नको’ म्हटले तर त्याचा राग मानू नये. हलती शेपूट म्हणजे मैत्रीच असे नाही. अंग ताठ, नजर रोखलेली आणि शेपूट उंच धरून थरथरत असेल तर कुत्रा चिडलेला असतो.

कायदाही हेच सांगतो. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होण्याचा संभव असताना पुरेशी काळजी न घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

शी उचलणे. ‘मातीत मिसळून खत होईल’ हा समज शेणावरून आला आहे आणि तो चुकीचा आहे. गाय चारा खाते. कुत्र्याच्या विष्ठेतून मात्र जंतांची अंडी पडतात. गोलकृमीची अंडी मातीत दोन-चार आठवड्यांत संसर्गक्षम होतात आणि पुढे वर्षानुवर्षे टिकू शकतात. शी कधीच दिसेनाशी झालेली असते, पण त्याच जागी मूल मातीत खेळते आणि तोच हात तोंडात घालते. अंकुशकृमीच्या अळ्या तर अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. उपाय साधा आहे. पिशवी मोज्यासारखी हातात घालायची, शी उचलायची, पिशवी उलटी करून गाठ मारायची आणि कचरापेटीत टाकायची. गाठ मारलेली पिशवी झुडपाखाली सोडून जाणे हे न उचलण्यापेक्षाही वाईट, कारण मग ती सफाई कामगाराला हाताने काढावी लागते. कुत्र्याला जंताचे औषध वेळेवर द्यावे.

नदीकाठ. विश्वामित्रीत शेकडो मगरी आहेत आणि त्या शहराच्या मधोमध राहतात. हिवाळ्यात ‘काळा घोडा’ पुतळ्याजवळच्या पुलावरून पाहिले तर चिखलात पडलेला ओंडका वाटतो तो बऱ्याचदा मगर असतो. २०२४च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या वस्त्यांतही शिरल्या होत्या. पाणी प्यायला वाकलेला कुत्रा त्यांना सोपे भक्ष्य, म्हणून काठावर पट्टा कधीही सोडू नये. पावसाळ्यात तुंबलेल्या डबक्यांतून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूजन्य रोगही होतो.

भटके कुत्रे. प्रत्येक टोळीची हद्द ठरलेली असते, आणि पट्ट्याला बांधलेला परका कुत्रा दिसला की ती गुरगुरते. दगड मारू नये, पळूही नये. आपल्या कुत्र्याला जवळ घेऊन सावकाश वाट बदलावी. ज्याच्या कानाचा शेंडा छाटलेला दिसतो त्याची नसबंदी झालेली असते.

कुत्रा चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची काहीही लावू नये. त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी, जखम खोल असेल तर डॉक्टर प्रतिपिंडाचे इंजेक्शनही देतात. पोटात चौदा सुया घेण्याचा काळ कधीच संपला, तरी त्या भीतीने आजही लोक दवाखान्यात जायला उशीर करतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

मे महिन्यात डांबरावर हाताची मागची बाजू पाच सेकंद ठेवून पाहावी. आपल्याला सोसत नसेल तर कुत्र्याचे पंजेही भाजतील. त्या दिवसांत सकाळी सातच्या आत घरी परतावे.

वनक्षेत्रे. पंचमहालातल्या जांबुघोडा अभयारण्यात बिबटे आणि अस्वले आहेत. कुत्रा हे बिबट्याचे नेहमीचे खाद्य, म्हणून सहलीला जाताना त्याला घरीच ठेवावे. डभोई तालुक्यातले वढवाणा तळे २०२१पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. हिवाळ्यात तिथे हजारो पाणपक्षी उतरतात, आणि काठाने एक सुटा कुत्रा धावला की सगळा थवा उडतो. लांबच्या प्रवासानंतर साठवलेली ताकद असे उडण्यातच खर्च होते. टिटवी तर घरटेच बांधत नाही. माळावर खडे गोळा करून त्यांत मातकट ठिपक्यांची चार अंडी घालते, ती अंडी माणसाला हातभर अंतरावरूनही ओळखू येत नाहीत. कुत्र्याला ती वासाने सापडतात. डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालू लागली तर पट्टा आखडून आल्या वाटेने मागे फिरावे.