हायरॅक्सची उसनी नावं

भावानं केपटाऊनच्या टेबल माउंटनवरून व्हिडिओ पाठवला, खडकावर ऊन खात बसलेला हायरॅक्स नावाचा गुबगुबीत तपकिरी प्राणी, शेपूट नाहीच म्हटलं तरी चालेल. इथे कोथरूडला बघून आई म्हणाली, "अगं, ही घूस!" आणि भाचा म्हणाला गिनीपिग. जगभर याच्याबाबतीत हेच झालंय, ज्यानं बघितलं त्यानं आपल्या ओळखीच्या प्राण्याचं नाव चिकटवलं.

हायरॅक्स हा ग्रीक शब्द, मूळ अर्थ चिचुंद्री. दक्षिण आफ्रिकेत म्हणतात डॅसी, ते डच लोकांच्या बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या नावावरून. १७६६ मध्ये पालास या शास्त्रज्ञानं वर्णन लिहिलं तेव्हा त्यानंही याला गिनीपिगच्याच काव्हिया या गटात टाकलं! हिब्रूत हा शाफान, पण जुन्या इंग्रजी बायबलात त्याचा कोनी म्हणजे ससा झाला. उलटंही झालं असं मानतात, भूमध्य समुद्रावरच्या प्राचीन फिनिशियन खलाशांना स्पेनमधले ससे शाफान वाटले आणि त्यावरून देशाचंच नाव पडलं. स्वतःचं नाव दिलं ते शेजाऱ्यांनी, स्वाहिलीत पिंबी, अरबीत वबर. आपल्या डोंगरात सायाळ आहे म्हणून तिला साळू, साळिंदर अशी नावं मिळाली, हायरॅक्स भारतात नाहीच तर बोलीत नाव कुठून येणार.

खरी ओळख पायात आहे. व्हिडिओ पॉज करून मोठा करा, पुढच्या पायाला चार बोटं आणि त्यावर नख्या नाहीत, चपटी खुरासारखी नखं, अगदी हत्तीच्या पायाला असतात तशी. तळवे रबरासारखे मऊ आणि घामानं कायम ओलसर, म्हणून उभ्या कातळावरही पकड सुटत नाही. दात बघा, बहुतेक प्राण्यांचे बाहेर आलेले सुळे हे खरोखरचे सुळेच असतात, पण हायरॅक्सचे वरचे दोन टोकदार दात पटाशीचे आहेत आणि आयुष्यभर वाढतात, हत्तीच्या दातांचंही हेच. आज जिवंत असलेल्या प्राण्यांत याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक म्हणजे हत्ती आणि समुद्रगाय, डीएनएसुद्धा तेच सांगतो. मला सगळ्यात भारी वाटतं ते याचं गरोदरपण. सशीण महिन्याभरात विते, आणि हा चारेक किलोचा जीव सात-साडेसात महिने पोटात पिल्लू वाढवतो, मग ते डोळे उघडे, अंगभर केस घेऊनच जन्मतं आणि थोड्याच वेळात आईच्या मागे खडकांवरून पळायला लागतं.