रिफ्रेशर वेगळा, देवाणघेवाण वेगळी

प्राध्यापक एकमेकांना काय देतात, असं विचारलं की बहुतेक कॉलेजांत प्रमाणपत्रांची फाइल पुढे येते. अमक्यांनी रिफ्रेशर, म्हणजे विषयाच्या उजळणीचा कोर्स केला, तमक्या मॅडम एफडीपीला, म्हणजे प्राध्यापकांसाठीच्या प्रशिक्षण कार्यक्रमाला जाऊन आल्या. पण ते प्रशिक्षण. सहकाऱ्यांमधली देवाणघेवाण निराळी, आणि तिला फाइल नसते.

प्रशिक्षणाची व्यवस्था जुनी आहे. १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर देशभर अकॅडेमिक स्टाफ कॉलेजं निघाली. पाट्या बदलत ती आता मालवीय मिशन या शिक्षक-प्रशिक्षणाच्या केंद्रीय योजनेखाली आली आहेत. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठातही असं केंद्र आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला लेव्हल १०वरून ११वर, म्हणजे वरच्या वेतनस्तरावर जायला २१ दिवसांचं ओरिएंटेशन लागतं. म्हणजे जाणाऱ्याचा अर्धा डोळा बढतीवर असतो. असेना! नवा विषय, नवी संशोधनपद्धत तिथंच नीट कळते.

पण समजा, मराठीच्या वर्गात ख्रिस्तपुराण शिकवायचं आहे. फादर स्टीफन्सचा हा ग्रंथ १६१६ साली रायतूरला रोमी लिपीत छापला गेला, त्याची भाषा, त्याचा काळ, हे सगळं तज्ज्ञ सांगतील. कुठल्या ओवीपाशी मुलं कंटाळतात, आधी मोठ्यानं वाचून घेतलं तर काय फरक पडतो, परीक्षेत कुठला प्रश्न हमखास चुकतो, हे मात्र तो पेपर वर्षानुवर्षं शिकवणाऱ्यालाच ठाऊक. तो पेपर पहिल्यांदाच हाती आलेल्या गोव्यातल्या काणकोणच्या शिक्षकाला नेमकं हेच हवं असतं. अभ्यासक्रम तर दोघांचा एकच.

कोविडच्या काळात गोव्याच्या उच्च शिक्षण संचालनालयाने दिष्टावो हा ऑनलाइन शिक्षणाचा उपक्रम सुरू केला, शिक्षकांचे व्हिडिओ आणि नोट्स सर्वांना खुल्या झाल्या. काम मोलाचं. पण व्हिडिओत येतो तो जमलेला तास. फसलेल्या तासाबद्दल माणूस स्टाफरूममध्ये, तेही विश्वासातल्या माणसापाशीच बोलतो.

आणि विश्वासाचंच तर त्रांगडं आहे. लेक्चर बेसिसवरचा, म्हणजे तासांवर पैसे मिळणारा तात्पुरता शिक्षक नोट्स का देईल? पुढच्या जूनमध्ये त्याच जागेसाठी स्पर्धेत असणारा कदाचित हाच सहकारी असेल. कायम नोकरीतल्यांनी त्याला कोत्या मनाचा म्हणू नये. बढतीची शिडी त्याच्यासाठी नाहीच, त्यामुळे प्रमाणपत्राचं आमिषही त्याला लागू पडत नाही.

म्हणून देवाणघेवाण हवी असेल तर आणखी एक कार्यशाळा घेऊन भागणार नाही. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवायचे असतात; त्यातला एखादा तास सहकाऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसण्यासाठी सोडावा, तोही वर्कलोडमध्ये धरून. ज्याच्या नोट्स, त्याचं नाव त्यावर राहू द्यावं. सुरुवात विभागप्रमुखांनी स्वतःच्या वर्गाचं दार उघडून करावी, कारण कनिष्ठाच्या वर्गात वरिष्ठ येऊन बसले की ती तपासणीच होते.