लाकडी घर, भूकंप आणि खांबाच्या तळाचा बोल्ट

जपानमध्ये विक्रीला काढलेल्या नव्या घराची जाहिरात वाचली की एक ओळ वारंवार भेटते. दोन मजली लाकडी घर, 100 चौरस मीटरच्या आसपास जागा, चार खोल्या, स्टेशनपासून चालत अमुक मिनिटं, आणि मग 'भूकंपरोधक श्रेणी 3'. स्वयंपाकघराचे फोटो भरपूर असतात. ही श्रेणी मात्र फोटोत येत नाही, कारण ती भिंतीच्या आत आणि फरशीखाली असते.

या श्रेणी तीन आहेत आणि त्या 2000 साली अमलात आलेल्या घरांच्या गुणवत्तेच्या कायद्यातून आल्या. श्रेणी 1 ही बांधकाम कायद्याची किमान अट: काही शतकांतून एखाद्या वेळी येणाऱ्या भूकंपात घर कोसळू नये. कोसळू नये, एवढंच. माणसं जिवंत बाहेर पडली आणि घर नंतर पाडावं लागलं, तरी अट पाळली गेली असंच म्हणतात. श्रेणी 2 चं घर त्याच्या 1.25 पट जोर सोसेल असं बांधतात, श्रेणी 3 चं 1.5 पट. श्रेणी 3 ला भूकंप विम्याच्या हप्त्यात 50 टक्के सवलत मिळते.

पण मुळात लाकूड कशाला? वजनामुळे. जमीन हलली की घरावर येणारा जोर घराच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो. काँक्रीटचा एक घनमीटर सुमारे 2400 किलोचा, सुगी नावाच्या जपानी सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचा 400 किलोच्याही आत. जड छप्पर काय करतं हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदावरचा मातीचा थर झोपलेल्या माणसांवर आला, आणि जवळजवळ 10 हजार माणसं गेली. जपानच्या कोबे शहरात 17 जानेवारी 1995 ला पहाटे 5 वाजून 46 मिनिटांनी भूकंप झाला, तेव्हा तिथल्या जुन्या लाकडी घरांवरही मातीत बसवलेली जड कौलं होती. एकूण 6,434 मृत्यू, आणि त्यातले बहुतेक पडलेल्या घरांखाली चिरडून किंवा गुदमरून. नव्या घरांवर म्हणून पातळ पत्रा किंवा हलक्या पाट्या दिसतात.

मग लाकडी घरं कोबेत पडलीच कशी? दोष लाकडाचा कमी, सांध्यांचा जास्त होता. भिंतीला बाजूने ढकललं की तिची एक कड खाली दाबली जाते आणि दुसरी वर उचलली जाते. भिंतीचा तुकडा 90 सेंटिमीटर रुंद आणि 2.7 मीटर उंच असेल, तर आडव्या 1 टन जोराला कडेच्या खांबावर सुमारे 3 टनांची उपसणारी ओढ येते. खांब नुसता खाचेत बसवून एक-दोन खिळे ठोकलेले असतील, तर तो सरळ उपटून निघतो. यातली गंमत अशी, की भिंत जितकी मजबूत कराल तितकी ही ओढ वाढते. तिरके आडणे भरपूर घातले आणि सांधे तसेच ठेवले, तर मजबुतीच खांब उपटायला मदत करते. त्यात पायावरचं आडवं लाकूड वाळवीने किंवा ओलीने पोखरलेलं असेल, तर विचारायलाच नको.

जून 2000 पासून नियम बदलले ते इथे. कोणत्या खांबाला कोणती लोखंडी पट्टी, किती ओढ सोसणारा बोल्ट, हे ठरवून दिलं गेलं. कोपऱ्याच्या खांबाचा बोल्ट थेट काँक्रीटच्या पायात उतरतो. भिंतींवर प्लायवूड ठोकायचं असेल तर खिळ्यांची जात आणि दोन खिळ्यांमधलं अंतरही ठरलेलं असतं. हे खिळे महत्त्वाचे, कारण भूकंपाची ऊर्जा बरीचशी तेच वाकून वाकून जिरवतात. ठोकायच्या यंत्राचा दाब जास्त झाला आणि खिळ्याचं डोकं प्लायवूडमध्ये रुतलं, की भिंतीची ताकद घटते. श्रेणी कागदावर 3 असली तरी शेवटी सुताराच्या हातावर बरंच काही असतं.

भिंती किती यासोबत त्या कुठे, हेही तपासतात. दक्षिणेला ऊन हवं म्हणून मोठ्या खिडक्या, उत्तरेला न्हाणीघर-संडासच्या भक्कम भिंती, अशी रचना खरेदीदाराला आवडते. अशा घराची एक बाजू घट्ट, दुसरी सैल राहते आणि हादऱ्यात ते पिळलं जातं. वरच्या मजल्याची भिंत खालच्या भिंतीवरच यावी, खाली मोटारीसाठी मोकळी जागा सोडून वर खोल्या रचू नयेत, हे त्याच हिशेबातलं. माझं मत विचाराल तर घर बघताना आधी नकाशा मागावा, फोटो नंतर.

हे सगळं खरंच कामी आलं का, याचं उत्तर जपानच्या कुमामोतो प्रांतातल्या भूकंपाने दिलं. एप्रिल 2016 मध्ये तिथल्या माशिकी गावाला 28 तासांच्या अंतराने दोनदा जपानी मोजणीतले सर्वांत तीव्र, म्हणजे 7 तीव्रतेचे धक्के बसले. गावाच्या मध्यभागी 1981 पूर्वीची, म्हणजे त्या साली भूकंपाचे नियम कडक होण्याआधीची, 28.2 टक्के लाकडी घरं कोसळली, 1981 ते 2000 मधली 8.7 टक्के, आणि त्यानंतरची 2.2 टक्के. श्रेणी 3 ची घरं 16 होती. त्यातल्या 14 घरांना काहीच झालं नाही, दोन घरांचं किरकोळ नुकसान झालं. 16 हा आकडा लहान आहे, पण दुसऱ्या धक्क्यानंतरही राहता येणं ही साधी गोष्ट नव्हे.

जाहिरातीत कधी 'श्रेणी 3 च्या तोडीचं' असं लिहिलेलं असतं. म्हणजे बांधणारा तसं सांगतो, पण त्रयस्थ संस्थेचं प्रमाणपत्र असेलच असं नाही. विम्याची सवलत कागद दाखवल्यावर मिळते. दोन मजली लाकडी घराच्या मजबुतीचे हिशेब बांधकाम परवानगीच्या वेळी तपासण्याचीही एप्रिल 2025 पर्यंत सक्ती नव्हती, हे भूकंपाच्या देशात जरा चकित करणारंच.

आणि श्रेणी जमिनीबद्दल फारसं बोलत नाही. 1 जानेवारी 2024 ला जपानच्या नोतो द्वीपकल्पात झालेल्या भूकंपात, केंद्रापासून बऱ्याच दूर असलेल्या उचिनादा गावात वाळूची जमीन पाण्यासारखी होऊन आडवी सरकली. तिच्याबरोबर वरची घरं कलली आणि रस्ते वाकडे झाले. त्यामुळे जुना भराव, नदीचं सोडलेलं पात्र, समुद्रकाठची वाळू अशा ठिकाणी माती परीक्षणाचा अहवाल मागावा लागतो. जमीन कुठे अशी पातळ होऊ शकते याचे नकाशे तिथली अनेक स्थानिक प्रशासनं इंटरनेटवर फुकट देतात.