इंग्लंड-वेल्समध्ये घर विकताना लागणारे ऊर्जा प्रमाणपत्र : कोणाला, कसे आणि कोणत्या कागदांवर

इंग्लंड किंवा वेल्समधील घर विकायचे असेल, तर ते बाजारात आणण्यापूर्वी त्याचे ऊर्जा कार्यक्षमता प्रमाणपत्र हाती असावे लागते, किंवा निदान त्यासाठी अधिकृत मूल्यमापकाला काम सोपवलेले असावे लागते. बोलताना सगळे याला ईपीसीच म्हणतात. २०१२ च्या नियमांनुसार ही जबाबदारी विक्रेत्याची आहे. विक्रीची जाहिरात सुरू झाल्यापासून सात दिवसांत प्रमाणपत्र मिळवण्यासाठी त्याने सर्व वाजवी प्रयत्न करावेत, आणि तरीही ते न मिळाल्यास पुढच्या २१ दिवसांत ते मिळवावेच, असे बंधन आहे. खरेदीदाराला प्रत विनामूल्य द्यावी लागते. प्रमाणपत्र नसल्यास स्थानिक प्रशासनाचा ट्रेडिंग स्टँडर्ड्स (व्यापारी नियमांवर देखरेख ठेवणारा) विभाग घरासाठी २०० पौंड दंड करू शकतो. महाराष्ट्रात जुने घर विकताना असा दाखला लागत नाही, त्यामुळे आपल्याकडील अनेक विक्रेत्यांना ही अट इस्टेट एजंटने सांगितल्यावरच कळते.

प्रमाणपत्र दहा वर्षे वैध असते आणि ते घराचे असते, मालकाचे नव्हे. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळावरील सार्वजनिक नोंदवहीत पोस्टकोड टाकून पाहावे. आधीच्या मालकाने काढलेले प्रमाणपत्र अजून वैध असेल, तर तेच चालते. मात्र त्यानंतर आपण बॉयलर (घर व पाणी गरम करणारे यंत्र), खिडक्या किंवा छताचे काम केले असेल, तर नवे काढणे अधिक हिताचे. प्रार्थनास्थळे, दोन वर्षांपेक्षा कमी काळासाठी उभारलेल्या तात्पुरत्या इमारती आणि ५० चौरस मीटरपेक्षा लहान स्वतंत्र इमारती यांना सूट आहे. वारसा म्हणून संरक्षित इमारतींना सरसकट सूट नाही. सुधारणांमुळे इमारतीचे रूप अस्वीकार्य रीतीने बदलणार असेल, तरच ती लागू होते.

शुल्क सरकारने ठरवलेले नाही, म्हणून दोन-तीन मूल्यमापकांचे दर विचारावेत. मूल्यमापक घरी येऊन खोल्यांची मोजमापे, भिंतींची जाडी, लॉफ्टमधील (छपराखालच्या माळ्यावरील) उष्णतारोधक थराची जाडी, बॉयलरचे मॉडेल, तापमान नियंत्रणे, खिडक्या व दिवे यांची नोंद घेतो आणि छायाचित्रे काढतो. तो भिंत फोडत नाही, लाद्या उचलत नाही. या नोंदींवरून निघालेल्या गुणांनुसार श्रेणी ठरते : ९२ किंवा अधिक गुणांना ए, ६९ ते ८० ला सी, ५५ ते ६८ ला डी, आणि २० पर्यंत जी. तुमचे प्रत्यक्ष वीजबिल किंवा फ्रिज-वॉशिंग मशीन यांचा त्यात विचार होत नाही.

विक्रेत्याने सर्वांत जास्त लक्ष कागदपत्रांकडे द्यावे, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. जे डोळ्यांनी दिसत नाही आणि कागदावर सिद्ध होत नाही, ते घराच्या बांधकामकाळानुसार गृहीत धरले जाते. जुन्या घराच्या लाकडी जमिनीखाली तुम्ही चांगला उष्णतारोधक थर घातला असेल, पण त्याचा पुरावा नसेल, तर मूल्यमापक ती जमीन मूळ अवस्थेतीलच समजतो आणि केलेल्या खर्चाचा एकही गुण मिळत नाही. म्हणून दुहेरी भिंतींमधील पोकळीत उष्णतारोधक भरल्याचे हमीपत्र, खिडक्या नियमांनुसार बसवल्याचे फेन्सा प्रमाणपत्र, बांधकाम नियंत्रण विभागाचा काम पूर्ण झाल्याचा दाखला, बॉयलरची कागदपत्रे आणि घराचा पत्ता असलेली कंत्राटदाराची तपशीलवार पावती, हे सारे भेटीपूर्वीच एकत्र करावे. नुसते तोंडी सांगणे पुरत नाही. फ्लॅट असेल, तर छताच्या किंवा बाहेरच्या भिंतींच्या कामाची कागदपत्रे इमारतीच्या व्यवस्थापन कंपनीकडे मागावीत. ती मिळायला वेळ लागतो. लॉफ्टचे झाकण उघडता येईल अशी जागाही मोकळी करून ठेवावी.

पुण्या-मुंबईला परतलेल्या मालकाने भेटीच्या वेळी हजर असण्याची गरज नसते. एजंट किल्ली देऊन घर दाखवू शकतो. अशा वेळी कागदपत्रे ईमेलने आधीच पाठवावीत, कारण एकदा प्रमाणपत्र नोंदले गेले की बदल करून घेणे कटकटीचे होते.

विक्रीसाठी किमान श्रेणीची अट नाही. एफ किंवा जी श्रेणीचे घरही विकता येते. मात्र खासगी भाड्याने देण्यासाठी, नोंदवलेली सूट नसल्यास, किमान ई लागते, त्यामुळे भाड्यासाठी घर घेणारा खरेदीदार ही श्रेणी नक्की पाहतो.

नोंदीत चूक वाटल्यास प्रथम मूल्यमापकाला पुराव्यासह लेखी कळवावे. त्याने दाद न दिल्यास, मूल्यमापकांना मान्यता देणाऱ्या ज्या संस्थेचा तो सदस्य आहे तिच्याकडे तक्रार करावी. तिचे नाव आणि संपर्क प्रमाणपत्रावरच दिलेले असतात.