रोजकीर्द, खतावणी आणि फोनमधली अडगळ

जुन्या पद्धतीने हिशेब लिहिणाऱ्या दुकानदाराकडे निदान दोन वह्या असत. पहिली रोजकीर्द. पैसा जसा आला-गेला तसा त्या दिवसाच्या तारखेखाली लिहून मोकळे व्हायचे. दुसरी खतावणी. तीच नोंद नंतर सवडीने ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायची, म्हणजे अमक्याकडे किती येणे राहिले ते एका पानावर दिसते. रोजकीर्द उभ्याउभ्याही लिहिता येते, खतावणीला मात्र बैठक मारावी लागते. फोनमध्ये हजारभर स्क्रीनशॉट, तीन ॲपमध्ये विखुरलेली टिपणे आणि ‘नंतर वाचू’ म्हणून राखलेल्या लिंका घेऊन बसलेला माणूस माहिती फार झाली म्हणून कुरकुरतो, तेव्हा त्याची रोजकीर्द तुडुंब भरलेली असते आणि खतावणीची वही कोरी असते.

ही कुरकुर संगणकाच्या बरीच आधीची आहे. युरोपात छापखाना येऊन शंभर वर्षेही झाली नव्हती, तेव्हाच तिथल्या विद्वानांना पुस्तके जड होऊ लागली होती. झुरिकच्या कोन्राड गेस्नरने १५४५ साली लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू भाषांतल्या, त्याला ठाऊक असलेल्या सगळ्या ग्रंथांची सूची छापली. तीत सुमारे तीन हजार लेखक होते. तीन वर्षांनी आलेल्या पुढच्या भागात त्याने आपली कामाची रीतही सांगून टाकली. कागदाच्या एकाच बाजूला लिहायचे, नवा मुद्दा आला की नवी ओळ घ्यायची, मग कात्रीने पट्ट्या कापायच्या, त्यांचे विषयवार ढीग करायचे आणि क्रम मनासारखा लागला की चिकटवून टाकायचे. आपले ‘कट-पेस्ट’ त्याच्या टेबलावर खरीखुरी कात्री आणि खळ घेऊन चालत असे.

वहीत टिपणे काढणाऱ्यांची अडचण वेगळी होती. विषयवार पाने राखून ठेवली तर एका विषयाची पाने आठवड्यात भरतात आणि दुसऱ्याची दहा वर्षे कोरी राहतात. शाळेत एका वहीत चार विषय बसवून पाहिलेल्या कुणालाही हे सांगायला नको. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक याने यावर काढलेला तोडगा १६८६ मध्ये एका फ्रेंच नियतकालिकात छापून आला. त्याची पद्धत अशी: पाने राखायचीच नाहीत, जिथे कोरे सापडेल तिथे लिहायचे, पण वहीच्या सुरुवातीला एक छोटी सारणी आखायची. विषयाच्या शब्दाचे पहिले अक्षर आणि त्यानंतर येणारा पहिला स्वर यांची एक चौकट, आणि त्या चौकटीत पानांचे आकडे. ‘एपिस्टोला’ म्हणजे पत्र हा विषय असेल तर तो ‘ई’च्या रांगेत ‘आय’च्या घरात जातो. रोजकीर्दीच्या अंगावरच खतावणीचा सांगाडा चढवण्याचा हा प्रकार मला त्या काळातल्या सगळ्या युक्त्यांत हुशारीचा वाटतो, कारण त्यात माणसाच्या आळसाचा हिशेब आधीच धरला आहे.

आपल्याकडे याच जातीची वस्तू म्हणजे बाड. कीर्तनकाराकडे असायचे ते अरुंद बाजूने शिवलेले, लांबट, हाताळून मऊ पडलेले हस्तलिखित. त्यात तुकोबांचे अभंग, नामदेवांची पदे, एखादे आख्यान, आणि मध्येच एखादे औषध किंवा उसनवारीची नोंदसुद्धा. अनोळखी माणसाने उघडले तर सगळा गोंधळच वाटावा. पण पूर्वरंगाला कोणता अभंग घ्यायचा आणि उत्तररंगात त्याला कोणते आख्यान जुळवायचे, ही सूची कीर्तनकाराच्या पाठांतरात असे. कागद फक्त आधाराला. म्हणून बाडाचा मालक गेला की बाड उरते आणि सूची जाते. जुनी बाडे वाचणाऱ्या अभ्यासकांना पुढे ती पुन्हा नव्याने बांधावी लागली.

दरबारी कागदांना असे कुणा एकाच्या स्मरणावर सोडून भागत नव्हते. पेशवाईतले कागद कापडात बांधले जात. त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. पोथ्या बांधायचे कापड ते बासन. एखादे प्रकरण ‘बासनात गुंडाळले’ असे आपण आजही म्हणतो, यावरून नीट बांधून ठेवणे आणि विसरून जाणे यांतले अंतर आपल्या भाषेला किती कमी वाटते ते कळते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे सुमारे ३५ हजार रुमाल आहेत. त्यांत रोजकीर्दींचे रुमाल वेगळे आहेत. राव बहादूर गणेश चिमणाजी वाड यांनी या रोजकीर्दींतून उतारे काढले, ते पुढे रोजनिशी म्हणून छापले गेले, आणि अठराव्या शतकातल्या महाराष्ट्राचा कारभार समजून घेण्याचे ते एक मोठे साधन ठरले. १९३० नंतर गोविंद सखाराम सरदेसाई यांनी याच दफ्तरातून वेचे काढून चार-पाच वर्षांत ४५ खंड सिद्ध केले. दोघांनी केले ते एकच काम: दुसऱ्या कुणीतरी तारखेवार लिहून ठेवलेल्या ढिगाची, शे-दोनशे वर्षांनी, खतावणी.

वहीतून सुटे होणे ही पुढची पायरी होती. कागद सुटा झाला की त्याची जागा बदलता येते. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर जप्त केलेल्या ग्रंथसंग्रहांची नोंद १७९१ मध्ये खेळायच्या पत्त्यांच्या कोऱ्या पाठीवर करायला सांगितली गेली. तेव्हाच्या पत्त्यांची पाठ पांढरी असे आणि ते घरोघरी सापडत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ग्रंथपाल मेल्विल ड्युईने वर्गीकरणाचे आकडे आणि कार्डांची कपाटे यांचा सरसकट प्रसार केला. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून संस्थानभर वाचनालयांचे जाळे विणले, त्यामागे हीच पद्धत होती. ब्रुसेल्समध्ये पॉल ऑटले आणि आंरी ला फाँतेन यांनी तर १८९५ पासून जगातल्या सगळ्या छापील ज्ञानाची कार्डे करायला घेतली आणि ती एक कोटीच्या पुढे गेली.

एक कोटी हा आकडा पुण्यालाही परका नाही. डेक्कन कॉलेजात डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये ऐतिहासिक तत्त्वांवर संस्कृत-इंग्रजी कोश करायला घेतला. सुमारे दीड हजार ग्रंथ निवडले, ऋग्वेदापासून पार अलीकडच्या शास्त्रग्रंथांपर्यंत. प्रत्येक ग्रंथ वाचून शब्द टिपायचा, तो कुठे आला तो संदर्भ, सोबतचे वाक्य, आणि अशी एकेक चिठ्ठी. साधारण पंचवीस वर्षे हेच चालले आणि जवळपास एक कोटी चिठ्ठ्या जमल्या. त्या धातूच्या कपाटांच्या खणांत अकारविल्हे लावलेल्या आहेत. पहिला खंड डॉ. अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली १९७६ साली निघाला. त्यानंतर खंडामागून खंड येत राहिले आणि काम दशकानुदशके ‘अ’ या एका अक्षरातच चालू आहे. याची थट्टा करणारे भेटतात, पण ती थट्टा खतावणी म्हणजे काय हे न कळल्याची आहे. एका शब्दाच्या शंभर चिठ्ठ्या समोर मांडायच्या, त्यांतला कोणता अर्थ आधीचा, कोणता नंतरचा, कोणता निव्वळ टीकाकाराच्या कल्पनेतला हे ठरवायचे. इथे चिठ्ठी लिहिणारा हात कितीही झरझर चालला असला तरी उपयोग नसतो. जमवायला पाव शतक, आणि लावायला किती, ते अजून मोजणे चालू आहे.

एकट्या माणसाने हा प्रकार कुठवर नेला याचे उदाहरण म्हणून हल्ली सगळे जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुमानचे नाव घेतात. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९९७ पर्यंत त्याने सुमारे ९० हजार चिठ्ठ्या लिहिल्या, पुष्कळशा पाठकोऱ्या कागदांवर. जर्मनमध्ये या पेटीला ‘झेटलकास्टन’ म्हणतात, म्हणजे नुसतीच चिठ्ठ्यांची पेटी. शब्दात गूढ काही नाही; गंमत आकड्यांत आहे. लुमानने चिठ्ठ्या विषयवार किंवा तारखेवार लावल्या नाहीत. ५७/१२ या चिठ्ठीवरून नवे काही सुचले की ते ५७/१२अ होऊन तिच्या पाठीमागे बसे, त्यावरून आणखी सुचले की आणखी एक फाटा. दूरच्या चिठ्ठीशी नाते असेल तर तिचा आकडा इथे लिहून ठेवायचा. विषयांची सूची होती, पण तुटपुंजी. आत शिरायला दार सापडावे एवढ्यापुरती. पुढची वाट चिठ्ठ्यांनीच दाखवायची. बीलफेल्ड विद्यापीठात रुजू होताना त्याने आपल्या प्रकल्पाची माहिती दिली ती अशी: विषय समाजाचा सिद्धान्त, मुदत ३० वर्षे, खर्च शून्य.

लुमानच्या आधीच, जुलै १९४५ मध्ये, अमेरिकन अभियंता व्हॅनेव्हार बुश याने ‘द अटलांटिक’ मासिकात ‘मेमेक्स’ नावाच्या यंत्राची कल्पना मांडली होती. टेबलात मायक्रोफिल्मवर माणसाची सगळी पुस्तके आणि पत्रे, आणि एका पानावरून दुसऱ्या पानाशी गाठ मारायची सोय. यंत्र कधी बनले नाही. पण टेड नेल्सनने १९६५ मध्ये ‘हायपरटेक्स्ट’, म्हणजे दुव्यांनी जोडलेला मजकूर, हा शब्द घडवला, डग्लस एंगलबार्टने ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत असे दुवे पडद्यावर चालवून दाखवले, आणि बुशच्या गाठी पुढे वेबपर्यंत आल्या.

घरगुती संगणकाने मात्र दुव्यांची वाट सोडून कचेरीची धरली. १९८१ च्या झेरॉक्स स्टार या संगणकाच्या पडद्यावर टेबल, फोल्डर आणि कपाटाची चित्रे आली आणि आपण सगळे एका झटक्यात दप्तरी कारकून झालो. दोनच वर्षांनी थॉमस मलोन या संशोधकाने माणसे खऱ्याखुऱ्या टेबलावर कागद कसे ठेवतात याचा अभ्यास छापला. त्याला आढळले की फायलींइतकेच ढीगही कामाचे असतात. समोर पडलेला ढीग ‘हे राहिले आहे’ अशी आठवण देतो. फायलीत गेलेला कागद गप्प बसतो. शिवाय कशाला कोणत्या नावाखाली घालायचे हे ठरवणे लोकांना खरोखर जड जाते.

१ एप्रिल २००४ ला आलेल्या जीमेलने फोल्डरऐवजी लेबल दिले, एक गिगाबाइट जागा दिली आणि सांगितले की लावत बसू नका, शोधा. हे मेलपुरते खरे ठरले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्टीव्ह व्हिटेकर आणि सहकाऱ्यांनी ३४५ जणांच्या मेल शोधण्याच्या ८५ हजारांहून अधिक खटपटी तपासल्या. फोल्डरांची मोठी रचना करणाऱ्यांना मेल अधिक लवकर किंवा अधिक हमखास सापडत होते, असे काही दिसले नाही. पण ओफर बर्गमन या संशोधकाच्या अभ्यासांत स्वतःच्या फायली काढताना माणसे सर्च असूनही फोल्डरांतून चालत जाणेच पसंत करतात, असे दिसले. मेल दुसऱ्याने लिहिलेला असतो आणि फाइल आपण स्वतः कुठेतरी ठेवलेली असते, हा फरक मला इथे महत्त्वाचा वाटतो.

आणि सर्च हे औषध मराठी माणसाला उशिराच लाभले. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना एकेक ठरलेला आकडा देणाऱ्या मानकात, देवनागरी १९९१ पासून आहे, पण श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांत आपण पुढेही वर्षानुवर्षे टंकत राहिलो. त्या फाइलींत मराठी अक्षरे फक्त दिसतात; खाली सांकेतिक इंग्रजी अक्षरेच असतात. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडा, खिचडी समोर येते, आणि ‘शेतसारा’ असा शोध घेतला तर काही मिळत नाही. युनिकोड आल्यावरही खड्डे राहिलेच. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर त्यात २००८ मध्ये आले, पण बरेच जण ‘अ’वर चंद्र काढून तेच अक्षर घडवतात. डोळ्याला दोन्ही सारखी, यंत्राला दोन वेगळी. त्यात आपण निम्मी टिपणे रोमन लिपीत ‘udya’ची स्पेलिंगे बदलत लिहिणार, उरलेली ऱ्हस्व-दीर्घाच्या लहरीवर, आणि मग ॲपला दोष देणार.

टिपणांच्या ॲपचा अलीकडचा इतिहास याच जुन्या वादांचा आहे. २००८ मध्ये खुले झालेले एव्हरनोट म्हणजे वाटेल ते टाकायचे गाठोडे. २०२३ च्या शेवटी त्याने फुकट वापरणाऱ्यांना ५० टिपणांची मर्यादा घातली. रोम रिसर्च आणि २०२० चे ऑब्सिडियन यांनी लुमानच्या चिठ्ठ्या आणि बुशच्या गाठी पडद्यावर आणल्या. ऑब्सिडियनची टिपणे साध्या मजकुराच्या फाइली म्हणून आपल्याच यंत्रावर राहतात, ही गोष्ट मला त्यातल्या, टिपणांमधले दुवे दाखवणाऱ्या रंगीत जाळ्याच्या चित्रापेक्षा मोलाची वाटते. कंपनी बुडाली तरी रुमाल आपल्याच घरात असतो.

आणि बहुसंख्य लोक यांतले काहीच वापरत नाहीत. ते व्हॉट्सॲपवर स्वतःला निरोप पाठवतात. ती सोय २०२२ च्या अखेरीस आली. त्याआधी घरातल्या कुणालातरी घेऊन दोघांचा ग्रुप काढायचा आणि लगेच त्या माणसाला बाहेर काढायचे, ही युक्ती सगळ्यांना ठाऊक होती. माझ्या फोनमध्ये असा ग्रुप अजून आहे. नाव ‘यादी’. बाहेर काढला म्हणून भाऊ दोन दिवस रुसला होता. त्यात दळणाची आठवण, विम्याच्या हप्त्याची तारीख, कुणीतरी सुचवलेल्या पुस्तकाचे नाव, एका बाडाच्या शिवणीचा फोटो, आणि ‘हे नीट लावायचे आहे’ असा एक निरोप चार वेळा, चार वेगवेगळ्या तारखांना.