कोलगेटमधला खडू

"येताना कोलगेट आण, कुठलंही चालेल." हे वाक्य मराठी घरांत अजून ऐकू येतं आणि पिशवीतून भलत्याच कंपनीची टूथपेस्ट निघाली तरी कुणाला वावगं वाटत नाही.

विल्यम कोलगेट यांनी १८०६ साली न्यूयॉर्कमध्ये दुकान थाटलं ते साबण, मेणबत्त्या आणि स्टार्चचं. दातांकडे कंपनी वळली १८७३ मध्ये आणि तेव्हाची सुगंधी पेस्ट बरणीतून मिळायची. म्हणजे सगळ्या घराचे ब्रश एकाच बरणीत! १८९६ मध्ये तिची ट्यूब आली. भारतात १९३७ मध्ये कोलगेट डेंटल क्रीम आली तेव्हा माल हातगाड्यांवरून पोचवला जाई. राखुंडी आणि बाभळीच्या काडीला सरावलेल्या माणसांना हे गोड, फेसाळ प्रकरण नवंच होतं. आज भारतातल्या कंपनीचं मुख्यालय पवईला आहे आणि गोव्यात कुंडईला कारखाना.

माझ्या समोर आत्ता नेहमीच्या पांढऱ्या पेस्टचं खोकं आहे. घटकांच्या यादीत सुरुवातीलाच कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे खडूच. दातावरचं कवच, एनॅमल, खनिजांचा कठीणपणा १ ते १० अंकांत मोजणाऱ्या 'मोज' मापनात साधारण ५ वर, तर हा खडू ३ वर. म्हणून तो चिकट थर खरवडतो, पण कवचाला फारसा ओरखडा काढत नाही. स्वस्त, मऊ, पांढराशुभ्र. तक्रारीला जागा नव्हती, फ्लोराइड येईपर्यंत.

गोड खाल्लं की तोंडातले जिवाणू आम्ल तयार करतात. सामू, म्हणजे आम्लपणा दाखवणारा पीएचचा आकडा (जितका कमी तितकं आम्ल जास्त), ५.५च्या खाली गेला की कवचातलं खनिज विरघळू लागतं. फ्लोराइड त्या खनिजात जाऊन बसलं तर ते साधारण ४.५ पर्यंत तग धरतं. १९५०च्या दशकात प्रॉक्टर अँड गँबलने कथिलाचं फ्लोराइड घातलेली क्रेस्ट ही टूथपेस्ट आणली आणि सगळ्यांची धावपळ उडाली. खडूवाल्यांची पंचाईत अशी, की खडूतलं कॅल्शियम फ्लोराइडला ट्यूबमध्येच पकडून ठेवतं. दोघांचं मिळून कॅल्शियम फ्लोराइड बनतं, ते जवळजवळ विरघळतच नाही. मग दाताच्या वाट्याला काय येणार?

यावरचा तोडगा मला फार आवडतो. सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेटमध्ये फ्लोरिन फॉस्फरसला घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे ट्यूबमध्ये खडूच्या हाती लागत नाही. तोंडात लाळेतली आणि दातावरच्या थरातली विकरं (एन्झाइम) ती गाठ सोडतात आणि फ्लोराइड मोकळं होतं. खोक्यावरच्या यादीत पुढे हेच लांबलचक नाव आहे.

पारदर्शक जेलमध्ये खडूऐवजी सिलिका असते. प्रकाश तिच्यातून आणि भोवतीच्या पाकातून जवळपास सारखाच वळतो, म्हणून कण असूनही दिसत नाहीत. सिलिका फ्लोराइडला धरून ठेवत नाही, त्यामुळे तिथे साधं सोडियम फ्लोराइडही चालतं. चव आणि रंगांचे बाकीचे अवतार मला तरी सजावटच वाटतात. अपवाद दोन. 'सेन्सिटिव्ह' प्रकारात बऱ्याचदा पोटॅशियम नायट्रेट असतं, ते ठणकणाऱ्या नसेला शांत करतं. दुसरी 'टोटल'. तिच्यातल्या ट्रायक्लोसान या जंतुनाशकाला अमेरिकेत १९९७ मध्ये मंजुरी मिळाली, पुढे त्याच्यावर बरेच प्रश्न उठले आणि २०१९ मध्ये तिथल्या नव्या टोटलमध्ये त्याच्या जागी आलं कथिलाचं फ्लोराइड. प्रतिस्पर्ध्याचं जुनं हत्यार!

भारतात पेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपर्यंतच चालतं, म्हणजे किलोला एक ग्रॅम. चंद्रपूर, यवतमाळच्या काही गावांत पाण्यातच ते इतकं आहे की मुलांच्या दातांवर डाग पडतात. लहान मुलं पेस्ट गिळतात, त्यांना वाटाण्याएवढी पुरे. मोठ्यांनी मात्र थुंकल्यावर खळखळून चूळ भरू नये, नाहीतर सगळं फ्लोराइड मोरीत जातं.

आणि ट्यूबच्या शेपटाकडच्या त्या रंगीत चौकोनाबद्दल. हिरवा म्हणजे नैसर्गिक, काळा म्हणजे केमिकल, हे व्हॉट्सअॅपवरचं ज्ञान खोटं आहे. ट्यूब कुठे कापायची आणि दाबून बंद कुठे करायची, हे यंत्राच्या डोळ्याला त्या खुणेवरून कळतं. खूण उठून दिसावी, एवढंच त्या रंगाचं काम.