नागरी अपधाव

पावसाचे जे पाणी जमिनीत न मुरता उतारावरून ओढ्या-नाल्यांकडे वाहत जाते त्यास अपधाव म्हणतात. शहराच्या पाणलोट क्षेत्रात या वाहण्याचे प्रमाण व वेग दोन्ही वाढतात. तेथील अपधावास नागरी अपधाव अशी संज्ञा आहे. छपरे, डांबरी व सिमेंटचे रस्ते, फरसबंद आवारे यांमुळे मुरणे थांबते. शिवाय गुळगुळीत गटारे व बंदिस्त वाहिन्या पाणी कोठेही न अडवता खाली नेतात. पाण्याचे एकूण आकारमान वाढते, त्याहून अधिक वाढतो तो पुराचा शिखर-विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणाऱ्या पाण्याचे कमाल प्रमाण, कारण सगळ्या बाजूंचे पाणी जवळजवळ एकाच वेळी नाल्यात येते.

शिखर-विसर्ग काढण्याचे सर्वांत रूढ सूत्र ‘रॅशनल पद्धत’ या नावाने ओळखले जाते : विसर्ग = अपधाव गुणांक (पडलेल्या पावसापैकी वाहून जाणारा अंश) × पर्जन्यतीव्रता × क्षेत्रफळ. तीव्रता तासाला मिलिमीटरमध्ये व क्षेत्र हेक्टरमध्ये घेतल्यास गुणाकाराला ३६० ने भागून सेकंदाला घनमीटर मिळतात. या सूत्राच्या जनकत्वाविषयी मतभेद आहेत. अमेरिकी ग्रंथ ते एमिल कुइचलिंग यांच्या १८८९ च्या निबंधाकडे नेतात. रॉचेस्टर शहरातील मलवाहिन्यांच्या मोजणीवरून, वाहून जाणाऱ्या पावसाचे प्रमाण पाणलोटातील अपार्य (पाणी न मुरू देणाऱ्या) पृष्ठभागाच्या प्रमाणाशी जवळपास जुळते, असे त्यांनी दाखविले. ब्रिटनमध्ये हीच पद्धत लॉइड-डेव्हिस यांच्या (१९०६) नावाने चालते. तथापि पाणलोटाच्या सर्वांत दूरच्या टोकाचे पाणी मोजणीच्या जागी पोहोचण्यास लागणारा वेळ, म्हणजे संकलनकाळ, ही या पद्धतीची खरी गुरुकिल्ली असून ती कल्पना आयर्लंडचे अभियंते टॉमस मलव्हनी यांच्या १८५०–५१ च्या सुमाराच्या लेखनात स्पष्ट आढळते. जलशास्त्रज्ञ जेम्स डूज यांनी मलव्हनींचा अग्रमान (कल्पना प्रथम मांडल्याचा मान) मांडला असून तो अधिक ग्राह्य वाटतो. मलव्हनी शेतजमिनीच्या निचऱ्याचा विचार करीत होते. शहरासाठी गुणांकाला मोजणीचा आधार मिळाला तो मात्र कुइचलिंग यांच्यामुळे, हेही नोंदविले पाहिजे.

हा गुणांक हिरवळ व बागांसाठी साधारण ०.१ ते ०.२५, तर डांबरी पृष्ठभाग व छपरांसाठी ०.७ ते ०.९५ धरतात. तासाला ५० मिमी. पावसात १०० हेक्टर क्षेत्रातून ०.२५ गुणांकाने सेकंदाला सुमारे ३.५ घनमीटर पाणी येते, ०.८५ ने सुमारे ११.८. येथे तीव्रता तीच धरली आहे. प्रत्यक्षात संकलनकाळ घटल्यामुळे अधिक थोड्या वेळाची आणि म्हणून अधिक तीव्रतेची सर हिशोबात घ्यावी लागते, त्यामुळे वाढ याहूनही मोठी असते. कोष्टकातील गुणांक स्थिर मानण्याची सवय दख्खनमध्ये विशेष घातक आहे. उन्हाळ्यात भेगाळलेली काळी माती मृगाच्या पहिल्या सरी गिळून टाकते. तीच माती फुगली की पाणी जेमतेम आत घेते. भाद्रपदातील मोकळे रान कित्येकदा फरसबंदीसारखे वागते.

मोठ्या पावसात भिजलेली मोकळी जमीनही पाणी मुरवीत नाही, याच कारणाने शहरीकरणाचा परिणाम लहान पुरांवर सर्वाधिक दिसतो. जलशास्त्राचे अभ्यासक जी. ई. हॉलिस यांच्या १९७५ च्या विवेचनानुसार लहान, वारंवार येणारे पूर दहापटीपर्यंत वाढू शकतात, तर शतकातून एकदा अपेक्षित पूर पाणलोटाचा ३० टक्के भाग फरसबंद झाल्यास दुप्पट होऊ शकतो.

मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या तासाला २५ मिमी. पाऊस, ०.५ गुणांक व समुद्राला ओहोटी असे गृहीत धरून आखलेल्या होत्या. शहराच्या पर्जन्यजल-निचऱ्याविषयीच्या १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालानंतरच्या सुधारणेत ५० मिमी. व १.० हे आकडे आले. पावसाचा आकडा दुप्पट झाला एवढेच सामान्यतः सांगितले जाते, पण गुणांकही दुप्पट झाल्याने वाहिनीवरील भार चौपट धरला गेला. गुणांक १ धरणे म्हणजे शहरात मुरण्याजोगी जमीन उरली नाही, अशी अधिकृत कबुलीच होय. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला, कुलाब्यास मात्र सुमारे ७३ मिमी. पवई व विहार तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत सुमारे १८ किमी. वाहणाऱ्या मिठी नदीचे पात्र भरावांनी आवळलेले होते, विमानतळाजवळ तर ते वळविलेले होते. त्यातच भरती आली. मुंबईतील पर्जन्यजलवाहिन्या समुद्रात वा खाडीत जेथे उघडतात त्या १८६ मुखांपैकी ४५ सरासरी समुद्रपातळीच्या खाली असल्याने भरतीच्या वेळी गुरुत्वाने निचरा होतच नाही, पंप लागतात. नंतरच्या चौकशीचे काम माधव चितळे यांच्या समितीने केले.

पुण्याचा आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरातून येतो. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी तो पर्वतीजवळ वळविला असे मानतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याला आलेल्या पुराने काठच्या वस्त्यांमध्ये माणसे व जनावरे वाहून गेली. त्या रात्री मोसमाच्या अखेरची, पाण्याने तुडुंब जमीन आणि उतारावरील नवी बांधकामे एकत्र आली होती.

उपायांत सच्छिद्र फरसबंदी, पाझरखड्डे, छतावरील पाणी जिरविणे व साठवण टाक्या यांचा समावेश होतो. मुंबईत पावसात तुंबणाऱ्या हिंदमाता परिसरासाठी उद्यान व मैदानाखाली अशा टाक्या बांधल्या असून भरती ओसरेपर्यंत पाणी त्यांत धरून ठेवतात.